आईचं चाटण

१

औषधशाळेच्या दारात हजेरीचं यंत्र बसवल्यापासून धाकटीचा दिवस भांडणाने सुरू व्हायचा. ती अंगठा टेकवायची. यंत्र लाल दिवा लावून म्हणायचं, "पुन्हा प्रयत्न करा." उजवा अंगठा झाला, डावा झाला, एकेक करत दहाही बोटं झाली, तरी त्याचं आपलं तेच पालुपद. मागे रांग खोळंबायची. शेवटी दारावरचा पहारेकरी कंटाळून वही पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, "पाकबाई, तुम्ही माणूस आहात ना नक्की?"

हा विनोद त्याने पहिल्यांदा केला तेव्हा ती हसली होती. आता त्याला सात महिने झाले होते.

दोष यंत्राचा नव्हता. सव्वीस वर्षं गरम पाक चिमटीत धरून तार बघता बघता तिच्या बोटांवरच्या रेषा पार पुसल्या गेल्या होत्या. बोटांची टोकं झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झाली होती. औषधशाळेत ती पाकबाई. घरी मात्र धाकटीच. चोपन्न वर्षं झाली, केस पिकले, जिना चढताना गुडघे बोलायला लागले, तरी धाकटी. कारण तिच्या वर एक दादा होता.

औषधशाळेत चार-पाच प्रकारची चाटणं बनत. खोकल्याचं, अशक्तपणाचं, भूक लागण्याचं. काढा गाळायचा, त्यात साखर घालून मंद आचेवर आटवायचा, पाकाला तार आली की कुटलेली औषधं आणि तूप, आणि कढई कोमट झाली की मध. तयार चाटणाच्या परीक्षा तीन. पाण्यात टाकलं तर विरघळता कामा नये, तळाशी जाऊन बसायला हवं. चिमटीत ओढलं तर तार यायला हवी. आणि बोटाने दाबलं तर बोटावरच्या रेषा जशाच्या तशा त्यावर उमटायला हव्यात. पहिल्या दोन परीक्षा पाकबाईच्या. तिसरीसाठी तिला बरण्या भरणाऱ्या बाईंना हाक मारावी लागे. तिने स्वतः दाबलं तर नुसता खळगा पडायचा, बिनरेषांचा.

अशक्तपणाच्या चाटणाची एक बरणी दर पंधरा दिवसांनी ती आईसाठी घरी न्यायची. आईची उजवी बाजू लुळी पडली त्याला अकरा वर्षं झाली होती. सकाळी एक चमचा, संध्याकाळी एक. चमचा बघितला की आई ओठ मिटून घ्यायची. मग विनवण्या, मग दटावणी, मग अर्धं पोटात आणि अर्धं हनुवटीवर. चमच्याला चिकटलेलं शेवटचं बोटभर धाकटी स्वतःच चाटून टाकायची. औषध मोरीत घालवणं तिच्या हाताला जमत नसे.

त्या सोमवारी नवी बरणी घेऊन ती घरी आली. जुनी संपली असणार, तळाला असलं तर खरवडून नव्यात टाकावं, म्हणून तिने झाकण काढलं.

जुनी बरणी गळ्यापर्यंत भरलेली होती.

२

पहिल्यांदा तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. मध्ये एखादी जादा बरणी आणली असेल. दमलेलं डोकं, काय लक्षात ठेवणार. तिने चमचा भरला आणि आईच्या खाटेशी गेली.

"आ कर."

"मघाशी दिलंस की," आई म्हणाली.

"मघाशी कधी? मी आत्ता येतेय. चपलासुद्धा पायात आहेत."

"दिलंस," आई म्हणाली आणि तिने मान भिंतीकडे वळवली.

तिच्या ओठाच्या कोपऱ्यात तपकिरी रेघ होती. धाकटीने बोटाने पुसली. ओली होती.

घराची दुसरी किल्ली शेजारच्या काकूंकडे असे. दुपारी त्या आईला मऊ भात भरवून जायच्या, कूस बदलून द्यायच्या. अकरा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. धाकटी तशीच त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. विचारायचं कसं हे ठरवायला हवं होतं, पण दिवसभर कढईपुढे उभं राहिल्यावर माणसाच्या जिभेला लगाम उरत नाही.

"काकू, तुम्ही आईला दुपारी चाटण देता का?"

"मी कशाला देऊ? तूच सांगितलं होतंस ना, बरणीला हात लावायचा नाही म्हणून."

"मग तिच्या तोंडाला लागलं कसं?"

काकूंनी हातातला फडका खाली ठेवला. "म्हणजे मी चोरून देते, असं म्हणायचंय तुला?"

"तसं नाही, पण तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे किल्ली नाही."

हे वाक्य बाहेर पडलं आणि धाकटीला आपलीच जीभ चावावीशी वाटली. काकू आत गेल्या, खिळ्यावरची किल्ली काढून आणली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"कुणाच्या म्हशी आणि कुणाला उठाबशा," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं मी काही बोलले नाही. दुपारी मी दार उघडायला यायचे तेव्हा तुझी आई आत बोलत असायची. हसायचीसुद्धा. मला वाटायचं, तूच लवकर आलीस. आत जाऊन बघावं तर कुणी नाही. तरी मी बोलले का? आता तुझं तू बघ."

दार लागलं. आई कधी हसायची, हा प्रश्न धाकटीला जिन्यातच पडला. पण तोवर उद्या दुपारचं काय, हा त्याहून मोठा प्रश्न पुढे उभा होता.

३

दुपारचं असं झालं, की जेवणाच्या सुट्टीत धाकटी घरी धावायला लागली. जायला वीस मिनिटं, यायला वीस. तीन जिने चढायचे, आईला चार घास भरवायचे, कूस बदलायची, तीन जिने उतरायचे. स्वतःचा डबा तसाच परत यायचा. चौथ्या दिवशी तिचा जीव मेटाकुटीला आला.

आता किल्ल्या दोन्ही तिच्याच पिशवीत होत्या. तरी तिने बरणीवरच्या कागदाला, चाटण जिथवर होतं तिथे, पेनाने बारीक रेघ मारली. सकाळी एक चमचा दिला. संध्याकाळी बघितलं तर चाटण रेघेच्या वर होतं.

गरमीने फुगतं कधीकधी, तिने स्वतःला सांगितलं. पाक कच्चा राहिला की आंबतो आणि वर चढतो. सव्वीस वर्षांत तिचा पाक कधी कच्चा राहिला नव्हता, पण स्वतःला खोटं पाडणं त्या वेळी सोपं होतं. तिने वास घेतला. आंबलेलं नव्हतं.

रविवारी दादाचा फोन आला. तो दर रविवारी यायचा, दुपारच्या चहाआधी.

"आईला म्हणे चांगलं मानवलंय. डॉक्टर सांगत होते, वजन वाढलंय, पाठीची जखम भरून आली."

"हो."

"मग तुझा आवाज असा का?"

धाकटीने त्याला बरणीचं सांगितलं. सांगताना तिलाच ते पोरकट वाटलं.

"म्हणजे तक्रार काय आहे तुझी? औषध संपत नाही ही?"

"दादा, मी रोज दोन चमचे काढतेय."

"अगं, आई सुधारतेय. आपल्याला हेच हवं होतं ना? तू जरा झोप घे. आणि काकूंशी जुळवून घे, म्हातारं माणूस आहे. आणि हो, खोलीची खिडकी उघडी ठेवत जा."

दादा उंटावरून शेळ्या हाकण्यात लहानपणापासून हुशार होता. धाकटीने फोन ठेवला. आईच्या खोलीची खिडकी उघडीच होती.

डॉक्टर खोटं बोलत नव्हते. आईचे गाल भरले होते. हातांवरची सुरकुतलेली कातडी ताणून तुकतुकीत झाली होती. खोलीत पूर्वी औषधाचा आणि लघवीचा वास असायचा, आता ज्येष्ठमध आणि तुपाचा गोड वास भरून असे. अकरा वर्षं ज्यासाठी राबलो ते समोर दिसत होतं, आणि तिला मात्र कुणीतरी आपल्या तोंडाला पानं पुसल्यासारखं वाटत होतं.

४

पुढच्या सोमवारी तिने नवी बरणी औषधशाळेतच भरून घेतली, झाकणाभोवती चिकटपट्टीचे तीन वेढे दिले आणि पट्टीच्या जोडावर सही केली. घरी नेऊन आईच्या उशाशी टेबलावर ठेवली. जुन्या दोन्ही उचलून स्वयंपाकघरात फडताळात ठेवल्या. दोन दिवस आईला चाटण द्यायचंच नाही, असं तिने ठरवलं.

दोन दिवसांनी पट्टी होती तशी होती. सही जागच्या जागी. तिने पट्टी कात्रीने कापली आणि झाकण फिरवलं.

चाटणाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर मधोमध एक खळगा होता, बोटाच्या टोकाएवढा. त्यात रेषा उमटल्या होत्या. एकात एक गुंफलेल्या, बारीक, स्वच्छ.

ती बरणी घेऊन धाकटी थेट वैद्यबुवांच्या खोलीत गेली. औषधशाळा त्यांच्या वडलांनी काढलेली. हे वयाने धाकटीहून दहा वर्षांनी लहान, पण त्यांनाही सगळे वैद्यबुवाच म्हणत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बरणीत बघितलं.

"उत्तम उतरलंय की. ठसा किती सुंदर आलाय."

"कुणाचा आहे तो?"

"तुमचाच असणार. बरणी तुमच्या घरची."

धाकटीने दोन्ही हातांची बोटं त्यांच्यापुढे धरली. त्यांनी बघितलं. मग खुर्चीत थोडं मागे सरकले.

"बरण्या भरणाऱ्या बाईंचा असेल मग. भरताना लागला असेल."

"भरताना त्या हातमोजे घालतात. तुम्हीच सक्ती केलीत."

"पाकबाई, मला आज तीन ठिकाणी जायचंय. तुमचं म्हणणं नेमकं काय आहे?"

"हेच तर मला कळत नाही," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा वर गेला. "जो तो मला हेच विचारतोय. मी सांगतेय ते ऐका ना कुणीतरी."

वैद्यबुवांनी सुस्कारा टाकला, टेबलावरची काडी घेतली, बरणीत बुडवून जिभेवर टेकवली. त्यांना चवीवरून औषध ओळखायची सवय होती. डोळे मिटून ते नावं घ्यायला लागले. "ज्येष्ठमध. पिंपळी. मनुका. तूप आपलंच." मग ते थांबले. जीभ दातांमागे फिरली, पुन्हा फिरली. त्यांनी डोळे उघडले, खिशातून रुमाल काढला आणि जीभ पुसली. एकदा पुसून भागलं नाही.

"हे आपल्या कढईतलं नाही," ते म्हणाले.

"मीच शिजवलंय. कढई मी उतरवलीय."

"तुम्ही शिजवलं असेल. पण नंतर ह्यात काहीतरी पडलंय. ही वनस्पतीची चव नाही."

"मग कशाची?"

त्यांनी बरणीचं झाकण लावलं आणि ती टेबलाच्या कडेपर्यंत, तिच्या बाजूला ढकलली. "घेऊन जा. आणि हे कुणाच्या पोटात जाऊ देऊ नका."

"अहो, पण आहे काय ते?"

"मला निघायला हवं," वैद्यबुवा म्हणाले. रुमाल त्यांनी खिशात परत घातला नाही. कचऱ्याच्या डब्यात टाकला.

दुपारभर कढईत उलथनं फिरवताना धाकटीच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. कित्येक महिने रोज दोनदा, चमच्याला चिकटलेलं ते शेवटचं बोटभर आपण चाटत आलोय. आणि आवडीने.

५

घरी आल्यावर तिने तिन्ही बरण्या मोरीत रिकाम्या केल्या. गरम पाण्याने तीनदा घासल्या. दोन फेकून दिल्या. तिसरी फेकवली नाही, चांगली काचेची होती. ती आईच्या टेबलावर पालथी घालून ठेवली आणि आईला म्हणाली, "आता हे बंद."

"बरं," आई म्हणाली. आई कुठल्याही गोष्टीला पहिल्या फटक्यात बरं म्हणत नसे.

अंग पुसताना धाकटीला ते दिसलं. आईच्या डाव्या दंडावर, आतल्या बाजूला, चार खळगे ओळीत होते आणि पाचवा समोरून. कुणीतरी धरल्यासारखे. तिने दिव्याखाली हात वळवला. प्रत्येक खळग्यात रेषा होत्या.

तिने शेजारी स्वतःचा अंगठा दाबला आणि उचलला. खळगा पडला, गुळगुळीत. तो भरून येईल म्हणून ती वाट बघत राहिली. आला नाही.

सूज. म्हातारपणी पाणी धरतं अंग, दाबलं की खड्डा राहतो, डॉक्टरांनी मागे सांगितलं होतं. मीठ कमी करायचं. तिने मीठ कमी करायचं ठरवलं आणि ठरवल्याचं जरा बरंही वाटलं. सूज आली की रेषा कशा उमटतात, एवढं मात्र डॉक्टरांना फोन करून विचारायची हिंमत तिला झाली नाही. ते म्हणाले असते, तुम्ही झोप घ्या. सगळे तेच म्हणत होते.

सकाळी तिच्या अंगठ्याचा खळगा आईच्या दंडावर तसाच होता.

आणि टेबलावरची बरणी सुलटी होती. तळाशी दोन बोटं चाटण होतं.

६

आई तिच्या हातून काहीच घेईना. मऊ भात नाही, सूप नाही, दूध नाही. चमचा ओठांशी नेला की ओठ गच्च. तीन दिवस झाले, चार झाले. उपाशी माणूस सुकतं, आई सुकत नव्हती. डोळे शांत, गाल भरलेले. आणि बरणी रोज दोन बोटं वर चढत होती. रिकामी केली तरी सकाळी तळाला असायचंच. फेकायला धाकटीने दोनदा ती उचलली. दोन्ही वेळा आई एवढंच म्हणाली, "मग कशात ठेवणार?" आणि धाकटीने बरणी परत ठेवली. कशात ठेवेल ते बघायची तिची तयारी नव्हती.

पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती जिने चढत होती. तिसऱ्या मजल्याच्या कठड्याशी पोचली आणि आतून आईचा आवाज आला.

शब्द कळत नव्हते. सूर कळत होता. लाडाचा. मध्ये थांबायचा, कुणाचं तरी ऐकून घ्यावं तेवढा वेळ. पलीकडचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मग मिटक्यांचा आवाज, ओला, सावकाश. मग आई हसली.

रेडिओ असेल. आईच्या खोलीत रेडिओ नव्हता. खालच्या मजल्यावरचा असेल. धाकटीने किल्ली लावली.

खोलीत आई एकटी होती. डोळे मिटलेले आणि तोंड उघडं. झोपेत पडतं तसं नव्हे. आ करून, हनुवटी वर उचलून, पुढच्या घासाची वाट बघत असल्यासारखं.

"आई."

तोंड हळूहळू मिटलं. आईने डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर जे उमटलं ते धाकटीला नीट ओळखता आलं. निराशा होती ती. दार उघडून नको असलेलं माणूस आत आलं की होते तशी.

त्यानंतर धाकटीने जे केलं त्याची तिला पुढे लाज वाटली. भाताची वाटी घेऊन ती खाटेवर बसली, डाव्या हाताने आईची हनुवटी धरली आणि चमचा ओठांत घुसवला. चमचा दातांवर आपटला. तिने पुन्हा घुसवला. "खा. खा म्हणते ना. अकरा वर्षं करतेय मी तुझं. माझ्या हातचा एक घास खायला काय होतं तुला?"

भात उशीवर सांडला. हनुवटीवर धाकटीच्या बोटांचे पाच गुळगुळीत खळगे राहिले.

"ती असं करत नाही," आई म्हणाली.

"कोण ती?"

"ती कधी घाई करत नाही."

"कोण आहे ती, आई? कुठून येते?"

आईने विचार केला. प्रश्न कळला होता, उत्तर सोपं होतं, फक्त सांगण्यासारखं वाटत नव्हतं, असा तो चेहरा होता.

"तू गेलीस की असते," ती म्हणाली.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला धाकटी मोठ्याने म्हणाली, "येते गं आई." तिने दार आतूनच ओढून घेतलं, कडी वाजवली, चपला हातात घेतल्या आणि अनवाणी स्वयंपाकघरात जाऊन बसली.

स्वयंपाकघराचं आतलं दार आईच्या खोलीत उघडायचं. ते तिने चार बोटं उघडं ठेवलं होतं. फटीतून आईची उशी दिसत होती, आईचा चेहरा, टेबल आणि त्यावरची बरणी. पलीकडचं कपाटाच्या कडेने झाकलं होतं. खिडकीतून लख्ख ऊन आत आलं होतं.

ती थांबली. नळ ठिबकत होता. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढली. फ्रिज घरघरला आणि बंद पडला. नऊ वाजले. फोन थरथरला; वैद्यबुवा होते. आज मोठी कढई चढवायची होती आणि पाकबाई नव्हत्या. तिने फोन बंद केला. साडेनऊ. पाय मुंग्या येऊन बधिर झाले. आपण चोपन्न वर्षांच्या बाई, स्वतःच्याच घरात चोरासारख्या दाराआड बसलोय, एका दिवसाची रजा गेली, आणि दादाला हे सांगायची सोय नाही. तिला स्वतःचाच इतका राग आला, की उठून जावं म्हणून तिने ओट्याला हात टेकला.

"आलीस?" आई म्हणाली.

दार वाजलं नव्हतं. पाऊल वाजलं नव्हतं. खाटेची पलीकडची बाजू करकरली, कुणी टेकलं की करकरते तशी, आणि उशी तिकडे किंचित कलली.

बरणीचं झाकण फिरलं. सावकाश, एका लयीत.

मग कपाटाच्या कडेमागून हात आला. मनगटापर्यंतच दिसला. बाईचा म्हणावा असा, बारीक, स्वच्छ. नखं कापलेली. उन्हात बोटांवरच्या रेषासुद्धा दिसत होत्या. आईने डोळे मिटले आणि आ केला. बोट बरणीत जाईल म्हणून धाकटी बघत होती.

बोट बरणीत गेलं नाही. ते आईच्या तोंडात गेलं. एक पेर, दुसरं, तिसरं, आणि मग जेवढी पेरं बोटाला असतात त्याहून पुढे. आईला ठसका लागला नाही. बोटाने आत एक सावकाश वळसा घेतला, बरणीचा तळ खरवडताना घ्यावा तसा, आणि ते बाहेर आलं. टोकावर काळसर, चमकदार गोळा होता. ओठांपासून बोटापर्यंत तार लांबत गेली. तुटली नाही. सव्वीस वर्षांत इतकी सरळ तार पाकबाईने काढली नव्हती, हे त्याही क्षणी तिच्या मनात आलं.

बोट बरणीच्या काठावर पुसलं गेलं. आईचा गाल आत बसला होता, तो हळूहळू पुन्हा भरून आला. आईने मिटक्या मारल्या. पुन्हा आ केला.

दोनदा. तीनदा. बरणी दोन बोटं वर चढली.

ओरडावं, एवढं धाकटीला कळत होतं. दार ढकलायचं, आईला उचलायचं, जिन्यात नेऊन ठेवायचं, काकूंचं दार बडवायचं. एकेक गोष्ट तिला क्रमाने सुचत होती आणि एकही हातापायांपर्यंत पोचत नव्हती.

"धाकटीलाही दे," आई डोळे न उघडता म्हणाली. "दिवसभर राबते बिचारी. कुणी विचारत नाही तिला."

एवढ्या वर्षांत आई असं कधी बोलली नव्हती. ना तिच्यासमोर, ना तिच्यामागे. धाकटीचा ओट्याला टेकलेला हात खाली आला, आणि तो भीतीने नव्हे.

हात थांबला. बोट पुन्हा एकदा आत गेलं, वळसा घेऊन भरून आलं. मग ते टेबलावरून पुढे सरकलं, उन्हाच्या पट्ट्यातून, जमिनीवरून अधांतरी, फटीच्या दिशेने. मनगटामागे मनगटाएवढंच काहीतरी येत राहिलं, लांबच लांब, आणि ते कपाटाच्या कडेमागे संपत नव्हतं. दार ढकललं गेलं नाही. चार बोटांची फट त्या एका बोटाला पुरेशी होती.

ते तिच्या चेहऱ्यासमोर येऊन थांबलं. अजिबात घाई नव्हती. ज्येष्ठमध, तूप, आणि त्याखाली आईच्या गळ्याचा वास, खूप लहान असताना कुशीत घेतल्यावर यायचा तो.

धाकटीने मागे सरायचं ठरवलं. ओट्याला पाठ लावून, भिंतीच्या कडेने, बाहेरच्या दारापर्यंत. नीट ठरवलं. आणि ठरवून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण केव्हाचा आ केलेला आहे.